जिम नको, ट्रॅक नको, रोजच्या जगण्यातच हालचाल कशी वाढवायची? (नाशिककरांनो, सांगा)

बैठा_गडी :
मंडळी, वय ४३, मुक्काम इंदिरानगर, काम घरून. म्हणजे साडेनऊला खुर्चीत बसलो की जेवायला उठायचं आणि परत बसायचं. आतापर्यंत तीनदा जिमची फी भरली. पहिल्यांदा पावणेदोन महिने गेलो, दुसऱ्यांदा अठरा दिवस, तिसऱ्यांदा नऊ दिवस, त्यातला एक दिवस तर पाण्याची बाटली तिथे राहिली म्हणून गेलो होतो. पहाटे कृषीनगरच्या ट्रॅकवर जायचा पण प्रयोग झाला. तिथली मंडळी इतक्या उत्साहात असतात की मला बघूनच दम लागतो.

आता खरी गोष्ट. आई जुन्या नाशकात वाड्यात राहते, वय ७१. मागच्या महिन्यात तिचा फोन बिघडला म्हणून माझा जुना मोबाईल तिला दिला आणि त्यात पावलं मोजणारं ॲप तसंच चालू राहिलं. परवा गेलो तेव्हा सहज उघडून बघितलं तर रोज सात-साडेसात हजार, आणि एका बुधवारी ११ हजार! (बुधवार म्हणजे गंगेवरचा, म्हणजे गोदाकाठचा बाजार.) त्यात तो फोन निम्मा वेळ फडताळावर पडलेला असतो. त्याच आठवड्याची माझी सरासरी १,८००.

आईने व्यायाम हा शब्द शाळा सुटल्यावर कधी वापरला नसेल. संडास अंगणाच्या पलीकडे, कपडे माडीवर वाळत, देवघराला उंबरा, स्वयंपाकघराला उंबरा, दूध आणायला खाली उतार आणि येताना चढ. माझ्या फ्लॅटमध्ये सगळं बारा पावलांत आहे. ते बारा पावलांत बसावं म्हणूनच आपण कर्ज काढलं हे आत्ता लिहिताना लक्षात आलं.

तर वेगळा वेळ न काढता, वेगळे बूट-कपडे न घालता, अंगाची हालचाल वाढवायला तुम्ही काय करता ते सांगा. सूर्यनमस्कार घाला म्हणणाऱ्यांना आधीच नमस्कार.

टवाळ_पंचवटीकर :
रविवारी मिसळ खायला इंदिरानगरहून चालत जा. परत चालत ये. तर्री दोनदा घेतली तर दोनदा जा.

सिटीलिंकवाली :
मी नाशिकरोडला राहते आणि कामाला सीबीएसजवळ. आधी ॲक्टिव्हा होती म्हणजे पार्किंगपासून पार्किंगपर्यंत, दिवसभरात चालणं झालंच तर टेबलापासून झेरॉक्स मशिनपर्यंत. २०२१ मध्ये सिटीलिंक सुरू झाली तेव्हा पेट्रोलच्या भावाला वैतागून बस धरली, तब्येतीचा विचार डोक्यात पण नव्हता. घर ते स्टॉप सात-आठ मिनिटं, उतरून ऑफिस पाच मिनिटं, परत येताना तेच, शिवाय शालिमारला उतरून मेन रोडवरून काहीतरी घ्यायचं असतंच. बस मिळाली नाही की पुढच्या स्टॉपपर्यंत चालत जायची सवय लागली, कारण एका जागी उभं राहिलं की रिक्षावाले डोकं खातात 😀 वर्षभराने कळलं की जिना चढताना धाप लागत नाही.

सांगायचं काय तर बस घेतली की चालावंच लागतं, त्यात माझ्या मनाचा निर्धार वगैरे काही नाही. गाडी दारात असती तर मी पण तुझ्यासारखीच बसले असते.

आकडेमोड :
सिटीलिंकवाली, बसवरून आठवलं, या सगळ्या विषयाची सुरुवातच बसमधून झालीये. लंडनमध्ये जेरेमी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या डबलडेकर बसच्या ड्रायव्हर-कंडक्टरांचा अभ्यास केला, सुमारे ३१ हजार माणसं, १९५३ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. एकच खातं, एकच बस, पण ड्रायव्हर दिवसभर बसलेला आणि कंडक्टर तिकिटं फाडत वरखाली, दिवसाला पाचशे-सातशे पायऱ्या. कंडक्टरांना हृदयविकार कमी, झालाच तर उशिरा आणि कमी जीवघेणा. कंडक्टर ते व्यायाम म्हणून करत नव्हता, तो तिकिटं देत होता.

प्रामाणिकपणे पुढचं पण सांगतो. नंतर मॉरिस यांनीच युनिफॉर्मच्या मापांचे कागद काढून बघितले तर ड्रायव्हरांच्या पँटी कमरेला नोकरीच्या सुरुवातीपासूनच मोठ्या होत्या. म्हणजे फरक सगळा जिन्याचाच असं नाही, मुळात वेगळी माणसं वेगळ्या कामाला लागत होती. पण त्यांनी पोस्टमन आणि टेबलावर बसणारे कारकून असे पण ताडून बघितले होते, चित्र तसंच. मॉरिस स्वतः ९९ वर्षं जगले, २००९ मध्ये गेले.

आणि ते १० हजार पावलांचं ओझं डोक्यातून काढ. तो आकडा १९६५ च्या आसपास जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला काढलं त्याच्या नावातून आलाय, मानपोकेई, म्हणजेच दहा-हजार-पावलं-मोजणी. टोकियो ऑलिंपिक नुकतं झालेलं, लोकांना उत्साह होता, गोल आकडा बरा दिसला. २०१९ मध्ये अमेरिकेत सरासरी ७२ वयाच्या बायकांचा अभ्यास झाला, त्यात दिवसाला २,७०० च्या आसपास चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी निघालं आणि ७,५०० नंतर आणखी फायदा दिसेना. तुझ्या आईचे सात-साडेसात हजार बघ म्हणजे कळेल.

टवाळ_पंचवटीकर :
जपान्यांनी यंत्र विकायला आकडा काढला आणि माझी बायको रात्री साडेअकराला बेडरूममध्ये फेऱ्या मारते कारण ९,६०० झालेत. हे वाचून दाखवतो तिला. (दाखवलं. म्हणाली गप झोप.)

वहिनीसाहेब_सिडको :
थांबा जरा, माझा एक प्रश्न आहे आणि तो बरीच वर्षं डोक्यात आहे.

मला थायरॉइड आहे, वजन वाढलं, डॉक्टरकडे गेले. डॉक्टर म्हणाले व्यायाम काय करता? मी म्हटलं पहाटे पाचला उठते, पाणी भरते, झाडू, फरशी (मॉप नाही, बसून फडक्याने), दोन डबे, धुणं वाळत घालते, पोरीला सोडते, परत येऊन सासूबाईंचं सगळं, दुपारी शिवणकाम, संध्याकाळी परत तेच. डॉक्टर मान वर न करता म्हणाले, मॅडम घरकाम म्हणजे व्यायाम नव्हे, रोज पाऊण तास चाला. आणि इथे शिकलेसवरलेले लोक फरशी पुसा, धुणं धुवा म्हणजे तब्येत सुधारते असं एकमेकांना सांगणार. मग आमचं इतकी वर्षं काय चाललं होतं? मी केलं तर तो व्यायाम नाही आणि दादांनी केलं तर उपाय, असं कसं?

राग धरू नका. पण खरंच सांगा कोणीतरी.

हाडंस्नायू :
वहिनी, तुमचा राग बरोबर आहे. मी फिजिओथेरपिस्ट आहे, कॉलेज रोडला बसते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

घरकाम म्हणजे हालचाल, आणि शरीराला ती नक्की कळते. झाडणं, पुसणं ही बसण्याच्या तिपटीच्या आसपास ऊर्जा खाणारी कामं आहेत, साधं चालणं पण तेवढंच. पूर्वी नियमांत एक अट असायची की सलग दहा मिनिटं केलं तरच धरायचं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या सूचनांमधून ती काढून टाकली, आता दोन मिनिटांची हालचाल पण जमेला धरतात. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल हवी, आणि ती कामातून, प्रवासातून, घरातून कुठूनही आलेली चालते हे त्यात सरळ लिहिलंय. त्यामुळे "नव्हे" म्हणणं चूक.

पण तुमच्या डॉक्टरांच्या मनात काय असेल त्याचा पण एक भाग खरा आहे. घरकाम दिवसभर चालतं पण बरंचसं संथ असतं, ओट्यापाशी एका जागी उभं राहणं त्यात खूप. ते थकवतं, पण त्यात छाती भरून दम फार कमी वेळा लागतो. आणि तेच तेच स्नायू, तोच खांदा, तीच वाकलेली कंबर. माझ्याकडे ज्या बायका येतात त्या सगळ्या "मॅडम दिवसभर राबते तरी अंग दुखतं" म्हणत येतात. "तरी" नाही, राबता म्हणूनच दुखतं. दमणूक आणि ताकद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय थायरॉइडचं वजन निव्वळ हालचालीने हलत नाही, तो दोष तुमचा नाही.

तुम्हाला मी पाऊण तास चाला सांगणार नाही, तो वेळ तुमच्याकडे नाही हे दिसतंय. दोनच गोष्टी. एक, जिना किंवा चढ लागला की तेवढाच मिनिटभर झपझप चढायचा, बोलताना धाप लागेल इतका. २०२२ मध्ये नेचर मेडिसिनमध्ये एक अभ्यास आलाय, ब्रिटनमधले २५ हजार लोक, आम्ही व्यायाम करत नाही असं स्वतः सांगणारे, त्यांच्या मनगटावर यंत्र बांधून हालचाल मोजली. दिवसातून तीनदा अशी एक-दोन मिनिटांची धाप लागणारी हालचाल ज्यांची होत होती, बस पकडायला पळणं, सामान घेऊन चढणं, त्यांच्यात पुढच्या सात-एक वर्षांत मृत्यूचं प्रमाण ३८-४० टक्के कमी होतं. हा नुसता पाहणीचा अभ्यास आहे, त्यामुळे याने ते झालं असं छातीठोक म्हणता येत नाही, पण दिशा कळते. आणि दुसरी गोष्ट, फरशी आठवड्यातून चार दिवस घरातल्या दुसऱ्या कोणीतरी पुसायची 🙂

वहिनीसाहेब_सिडको :
दुसरी गोष्ट स्क्रीनशॉट काढून ठेवली.

कॉलेजरोडकर :
सगळं गोड आहे पण चालायचं कुठे ते सांगा. फुटपाथवर गाड्या, फुटपाथ नसेल तिथे टपऱ्या, आणि कुंभ जवळ आला की रस्त्यांची कामं. परवा सिग्नलला पायी रस्ता ओलांडायला मला चार मिनिटं लागली, ती पण एका म्हशीच्या मागून गेलो म्हणून. गाडीवाल्यांना म्हैस दिसते, माणूस दिसत नाही. द्वारका चौकात पायी ओलांडणं म्हणजे तर शौर्यपदकाचं काम.

आकडेमोड :
म्हशीमागून चालायला जी धाप लागली ती जमेला धर.
गंमत सोड, मुद्दा बरोबर आहे. माणूस आळशी असतो हे अर्धंच खरं, रस्ता तसा असेल तर कामसू माणूस पण रिक्षा करतो. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) मधुमेहाच्या मोठ्या पाहणीत, २०१४ मध्ये छापलेल्या, महाराष्ट्र पण होता त्यात, निम्म्याहून जास्त लोक (५४ टक्के) पुरेशी हालचाल नसलेले निघाले, आणि मुद्दाम वेळ काढून खेळणारे-फिरणारे दहा टक्के पण नव्हते. म्हणजे जे हलत होते ते कामामुळे हलत होते. ते काम खुर्चीत गेलं की संपलं.

द्राक्षवाला_निफाड :
नमस्कार. शहरातल्या लोकांना वाटतं खेड्यात सगळे धडधाकट. बघा भाऊ, माझे वडील विहिरीवर मोट चालवायचे, मग इंजिन आलं, मग मोटर, आता मी मोबाईलवरून मोटर चालू करतो, खाटेवरून. पूर्वी बांधावर चालत जायचो, आता अर्धा किलोमीटरवर बाग आहे तरी मोटारसायकल. फवारणी ट्रॅक्टरने, नांगरट ट्रॅक्टरने. ट्रॅक्टरवर बसून बसून माझं पोट स्टिअरिंगला लागायला लागलं तेव्हा शुगर निघाली, वय ३८.

आणि त्याच बागेत ऑक्टोबरच्या छाटणीपासून डिपिंग (घड औषधाच्या पाण्यात बुडवणं), विरळणी होईपर्यंत मजूर बाया सकाळपासून मान वर करून हात वर करून उभ्या. त्यांना शुगर नाही पण मान धरलेली, खांदे गेलेले. एकाच बागेत आम्ही दोघं आजारी, मी न हलून आणि त्या हलून हलून. फिजिओताई म्हणतात ते मला पटलं, दमणूक वेगळी.

मी काय केलं, गाडीची चावी घरात टांगायची जागा बदलली. पूर्वी दाराला खिळा होता, येता-जाता हात जायचा. आता चावी माडीवरच्या कपाटात. माडीवर जायचा कंटाळा म्हणून बागेत चालत जातो 😂 ह्या एका गोष्टीने दिवसाला दोन-अडीच किलोमीटर झालं. शुगर गोळीसकट बरी आहे, गोळी बंद नाही झाली, उगाच खोटं कशाला सांगू.

बैठा_गडी :
चावीची आयडिया जबरदस्त आहे राव. कंटाळ्यालाच कामाला लावलंत.

शतपावली_आबा :
मी सातपूरच्या कारखान्यात ३१ वर्षं काढून निवृत्त झालो, वय ६८, साखर आहे. आमच्या लहानपणी रात्रीचं जेवण झालं की वडील अंगणात येरझाऱ्या घालायचे, त्याला शतपावली म्हणत. आम्ही हसायचो. गेल्या काही वर्षांपासून तेच करतो. दोन्ही जेवणांनंतर दहा-पंधरा मिनिटं, बिल्डिंगच्या खालीच, लेंग्यावर. बूट नाहीत की टोपी नाही. बोटाला टोचून मी स्वतः मोजून बघितलं, भाकरी-पिठलं तेच, चाललो त्या दिवशी दोन तासांनी साखर कमी येते, टीव्हीसमोर बसलो त्या दिवशी जास्त. माझ्या मुलाला हे सांगितलं तर म्हणाला बाबा, यावर रिसर्च झालाय का. म्हटलं तुझ्या आजोबांनी केला होता.

आकडेमोड :
आबा, झालाय. २०१३ मध्ये डायबेटिस केअरमध्ये आलाय, साठीच्या पुढची साखर वाढायच्या बेतात असलेली माणसं, अगदी मोजकी, दहाच. रोज तीन जेवणांनंतर १५-१५ मिनिटं चालणं हे सकाळी सलग ४५ मिनिटं चालण्याइतकंच गुणकारी निघालं, आणि रात्रीच्या जेवणानंतरची साखर तर त्यानेच जास्त खाली आली. कारण सोपं आहे, चालताना पायाचे मोठे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, त्याला इन्सुलिनची फार वाट बघावी लागत नाही. जेवणानंतर साखर चढत असते नेमकी तेव्हाच.

हाडंस्नायू :
आबा, मस्त. फक्त इन्सुलिन किंवा साखर फार खाली आणणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आपल्या डॉक्टरांच्या कानावर घालून ठेवा, आणि खिशात खडीसाखर असू द्या.

टवाळ_पंचवटीकर :
म्हणजे एवढी वर्षं आजोबा-आजी सांगत होते ते ऐकलं असतं तर धागा काढावा लागला नसता. पण मग आपण करमणूक कुठे करायची.

कॉलेजरोडकर :
आजी-आजोबांचं फार गोडवे गाऊ नका. माझी आजी जात्यावर दळायची, विहिरीवरून पाणी आणायची, सगळं केलं आणि साठीत पाठ मोडून वाकली ती वाकलीच. गिरणी आली तेव्हा तिने पेढे वाटले असते असं आई सांगते. जुन्या काळात सगळे निरोगी होते ही भानगड मला पटत नाही.

द्राक्षवाला_निफाड :
+१. जातं परत आणा म्हणणाऱ्याने आधी पायलीभर दळून दाखवावं.

हाडंस्नायू :
जातं नको. पण त्या पिढीची एक गोष्ट मला परत हवी आहे, ती म्हणजे जमिनीवर बसणं-उठणं. जेवायला पाटावर, भाजी निवडायला जमिनीवर, पूजा जमिनीवर. दिवसातून वीस-पंचवीस वेळा बैठक होत होती आणि कोणी मोजत नव्हतं. टांझानियातल्या हाड्झा नावाच्या शिकार करून जगणाऱ्या लोकांवर अभ्यास झालाय, २०२० मध्ये छापून आला. ती माणसं पण दिवसाला जवळजवळ दहा तास स्वस्थ असतात, म्हणजे आपल्या खुर्चीवाल्यांइतकीच! पण त्यांचं स्वस्थ असणं उकिडवं किंवा गुडघ्यावर, त्यात मांड्यांचे स्नायू थोडे थोडे काम करत राहतात. सोफ्यात रुतलं की ते पूर्ण झोपतात.

ज्यांचे गुडघे आधीच झिजलेत त्यांनी हे वाचून उद्यापासून उकिडवं बसू नये, कृपा करून. त्यांनी खुर्चीतून हात न टेकता उठायचं, एवढंच. आणि खाली बसणाऱ्यांनी पण सुरुवातीला भिंतीचा आधार घ्या, माझी गिऱ्हाईकं वाढवू नका.

सिटीलिंकवाली :
आमच्या ऑफिसात एक मॅडम दर वर्षी वणीला चालत जातात, गडाच्या पायऱ्या पण चढतात. साधारण पाचशे पायऱ्या आहेत. आता तिथे फ्युनिक्युलर ट्रॉली झालीये २०१८ पासून, तरी त्या पायऱ्यांनीच. मी विचारलं तयारी काय करता, तर म्हणाल्या तयारी कसली, आमचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट आठवड्यातून चार दिवस बंद. बिल्डरवर मी इतकी वर्षं चिडायचे, त्या दिवशीपासून जरा कमी चिडते 😀

बैठा_गडी :
तीन आठवडे झाले, अपडेट देतो. तुमच्या सगळ्यांच्या आयडिया एकदम सुरू केल्या होत्या आणि पहिल्याच आठवड्यात निम्म्या मेल्या.

मेलेल्या आधी सांगतो. उभं राहून काम करायचं म्हणून इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप ठेवला, तिसऱ्या दिवशी टाचा ठणकायला लागल्या आणि एक कॉल चालू असताना टेबल घडी होऊन खाली बसलं, लॅपटॉप वाचला. दर अर्ध्या तासाला उठायचा अलार्म लावला, चौथ्या दिवसापासून तो मी झोपेत बंद करावा तसा बंद करतोय. सकाळी गंगेवर चालायला जाणं एकदाच झालं, कारण तिथून भजी घेऊन आलो.

आता जगलेल्या. एक, निफाडकरांची चावी. मी चावी नाही, पाण्याची व्यवस्था बदलली. आधी दोन लिटरची बाटली टेबलावर असायची. आता टेबलावर फुलपात्र फक्त, आणि माठ स्वयंपाकघराच्या पलीकडे बाल्कनीत. दिवसाला दहा-बारा वेळा उठणं झालंच झालं, आणि प्यायलेलं पाणी परत उठवतं ते वेगळं. दोन, कॉल. ज्या मीटिंगमध्ये मला फक्त "हो बरोबर" म्हणायचं असतं (म्हणजे बहुतेक सगळ्या) त्या पार्किंगमध्ये चालत. वॉचमनला वाटतं माझं घरात भांडण झालंय, परवा त्याने मला चहा दिला. तीन, चौथा मजला, लिफ्ट फक्त उतरताना किंवा गॅस सिलिंडर असेल तेव्हा. फिजिओताईंचं ऐकून शेवटचे दोन जिने जोरात. पहिल्या आठवड्यात तिसऱ्या मजल्यावर कुत्र्यासारखा धापा टाकत उभा असायचो, आता दारात पोचून बेल वाजवून बोलता येतं. चार, दहा मिनिटांत किराणा आणून देणारं ॲप फोनमधून काढलं. हे सगळ्यात जड गेलं. कोथिंबिरीसाठी खाली उतरावं लागतं याचा इतका राग येतो की तेवढ्यात चढून पण येतो. पाच, रात्रीचं जेवण खाली मांडी घालून. पहिल्या दिवशी उठताना टीपॉय धरला, टीपॉय सरकला.

पावलं आता पाच-साडेपाच हजार. वजन मात्र ६०० ग्रॅमच कमी, यावर बोला कोणीतरी, कारण घरात यावर बरंच बोलून झालंय.

आकडेमोड :
तीन आठवड्यांत ६०० ग्रॅम वाईट नाही, पण वजनासाठी हे करत असशील तर वैतागशील. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधल्या जेम्स लेव्हिन यांचा १९९९ चा प्रयोग आहे. १६ जणांना आठ आठवडे रोज १,००० कॅलरी जादा खाऊ घातल्या, व्यायाम कोणाला करू दिला नाही. कोणाची चरबी साडेतीनशे ग्रॅम वाढली, कोणाची सव्वाचार किलो. एवढा फरक कशाने, तर ज्यांची कमी वाढली ती माणसं न सांगता जास्त हलायला लागली होती, उठबस, चुळबुळ, येरझाऱ्या. शरीराने परस्पर खर्च काढला. पुढे २००५ मध्ये त्यांनीच सडपातळ आणि थोड्या स्थूल माणसांना मोजयंत्रं लावली, स्थूल माणसं दिवसाला दोन-एक तास जास्त बसलेली असायची, त्याची किंमत सुमारे ३५० कॅलरी.

म्हणजे फरक पडतो, पण भजी आणल्यावर नाही. तुझी धाप कमी झाली तोच खरा रिपोर्ट समज.

शतपावली_आबा :
शाळेत आम्हाला चुळबुळ करतो म्हणून बाकावर उभं करायचे. म्हणजे शिक्षा पण बरोबरच होती.

कॉलेजरोडकर :
मी इथे विरोधात होतो तरी सांगतो. रविवारी पोरांना पांडवलेणीला घेऊन गेलो. दोनशेच्या आसपास पायऱ्या, धाकटी सहा वर्षांची, पळत वर. मी मध्ये दोनदा "लेण्यांचा व्ह्यू बघू या" म्हणून थांबलो. लेणी वर आहेत, तिथून दिसत नाहीत, हे मोठ्याने लक्षात आणून दिलं तिने, लोकांसमोर. आता रोज मुलांना क्लासला सोडायला चालत जातोय, म्हशीच्या मागून.

वहिनीसाहेब_सिडको :
माझा पण अपडेट. दवाखाना आहे पहिल्या मजल्यावर, मुद्दाम झपझप चढले, धाप लागलेलीच होती तर डॉक्टर म्हणाले काय झालं, मी म्हटलं व्यायाम करून आले. या वेळी मान वर केली त्यांनी.

आणि स्क्रीनशॉट आमच्या ह्यांना दाखवला. पहिले दोन दिवस विनोद केला, मग फडकं घेतलं. दादा (धागा काढणारे), तुमच्या यादीत पाच गोष्टी आहेत, त्यात फरशी कुठे दिसली नाही? मी परत वर जाऊन वाचून आले.

बैठा_गडी :
वहिनी, पकडलंत. फरशी आहे, लाजेने लिहिली नव्हती. मंगळवार, गुरुवार, शनिवार, रविवार माझ्याकडे. बसून फडक्याने करतो, हॉल झाला की घाम येतो खरं. काल आई आली होती बुधवारचा बाजार करून, मेथीच्या चार जुड्या आणि कांद्याची पिशवी दोन्ही हातांत, गंगेवरून बस बदलत. तिला पावलांचं सांगितलं तर म्हणाली मग माझ्या फोनमधनं ते काढून टाक, बॅटरी खात असेल. नंतर चष्मा लावून हॉलभर फिरली आणि टीव्हीच्या कपाटाखाली वाकून बोट फिरवलं.

वहिनीसाहेब_सिडको :
मग? काय म्हणाल्या?

बैठा_गडी :
कोपरे राहतात म्हणाली. बायको पण हेच म्हणते. आज गुरुवार, चाललो.

टवाळ_पंचवटीकर :
कपाट सरकवून पुस. आणि त्या मेथीचं पुढे काय झालं ते कोणीच सांगितलं नाही.